राग पॅकमध्ये नाही

स्वस्त कंपनीचं सिम घेतल्यापासून माझा राग फोनवरून पलीकडे पोचत नाही. शब्द पोचतात. आवाजही पोचतो, पूर्वीपेक्षा स्वच्छ पोचतो. फक्त त्यातला राग कंपनी वाटेत काढून घेते आणि बाजूला ठेवते.

मी मंदाकिनी रेडेकर, राहणार कोल्हापूर. एकतीस वर्षं वजनमापे खात्यात होते, त्यातली शेवटची बारा निरीक्षक म्हणून. बाजारात माझी जीप थांबली की तागडीच्या पारड्याखाली चिकटवलेली चिंच काढायला दुकानदारांची धांदल उडायची. राग हा माझ्या कामाचा भाग होता आणि तो मी कधी फुकट घालवला नाही. निवृत्त झाल्यावर तो सगळा धाकट्या भावाकडे वळवला.

जुनी कंपनी का सोडली ते आधी सांगते, नाहीतर लोक म्हणतील, बाई चार पैशांच्या लोभाने गेली आणि फसली. जुनी कंपनी अठ्ठावीस दिवसांना महिना म्हणायची. उघड म्हणायची, छापून म्हणायची, आणि तो मेसेज 'आनंदाची बातमी' म्हणून पाठवायची. आठशे ग्रॅमला किलो म्हणणाऱ्या माणसाचं दुकान मी सील केलेलं आहे. तीन वर्षं मी हे मापात मारणं सहन केलं, कारण नंबर बदलायचा कंटाळा. मग आमच्या निवृत्तांच्या ग्रुपवर 'सुखवार्ता' नावाच्या नव्या कंपनीची माहिती आली. दर निम्म्याहून कमी आणि महिना तीस दिवसांचा, एकतीसचा असेल तर एकतीस. मी त्या महिन्यासाठी गेले. पाच तारखेला, मंगळवारी, माझा नंबर तिकडे गेला.

माझा भाऊ यशवंत ताकभाते बार्शीत असतो. त्याला घरात येशा म्हणतात. वय सत्तावन्न, सायकल दुरुस्तीचं दुकान, बायको चार वर्षांपूर्वी गेली, मूलबाळ नाही. मलाही नाही. रोज संध्याकाळी साडेसातला मी त्याला फोन करते आणि रागावते. ही आमची पद्धत आहे. आई होती तोवर ती रागवायची. ती गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं, त्यासाठी कुणाला काही ठरवावं लागलं नाही. मी रागावले की येशा ब्लडप्रेशरची गोळी घेतो, भात कमी वाढून घेतो आणि तंबाखू उद्यापासून सोडतो. गोडीत समजावलेलं त्याला कळतच नाही. लहानपणापासून असंच आहे.

गेल्या महिन्यात त्याच्या छातीत दोनदा दुखलं. सोलापूरच्या डॉक्टरांनी तपासलं, बायपास करायला सांगितली आणि बावीस तारीख दिली. येशाने मान डोलावली, कारण तेव्हा मी शेजारच्या खुर्चीवर बसले होते. मी कोल्हापूरला परतले आणि हा मागे सरकायला लागला. शाळा सुरू व्हायचे दिवस आहेत, पोरांच्या सायकली अडतील, दुकानाला कुलूप कसं लावू, असलं काहीबाही. मी म्हटलं थांब, नवं सिम चालू होऊ दे.

मंगळवारी साडेसातला पहिला फोन केला. दोघं बोलायला लागलो की मी बार्शीचीच होते.

"मेल्या, तुला अक्कल हाय का न्हाई?" मी नेहमीप्रमाणे सुरुवात केली.

येशा म्हणाला, "हाय की थोडीफार. का गं आक्का?"

मला ते उत्तर आवडलं नाही. मी आवाज चढवला. "दुकान तुझ्या जिवापेक्षा मोठं झालं व्हय रे?"

"न्हाई गं. दहा बाय बाराच हाय अजून."

तो चेष्टा करत नव्हता. येशाला चेष्टा करता येत नाही. विचारलेल्या प्रश्नाचं त्याने खरं उत्तर दिलं होतं. मी आणखी दहा मिनिटं बोलले आणि फोन ठेवला. मग लक्षात आलं की मला अगदी हलकं वाटतंय. एरवी येशाला रागावल्यावर तासभर माझं डोकं तापलेलं असतं आणि भांडी घासताना त्यांचा आवाज दुसऱ्या मजल्यापर्यंत जातो. त्या दिवशी मी भांडी हळू घासली. मला वाटलं, वय झालं.

बुधवारीही तसंच. गुरुवारी तो म्हणाला की ऑपरेशन दिवाळीनंतर बघू. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "बरं मग. नको करू ऑपरेशन. कर तुझ्या मनासारखं. मला काय करायचंय."

हे वाक्य आमच्या घरात आजीपासून बोललं जातं. त्याचा अर्थ काय हे आमच्या मांजरालासुद्धा कळायचं. ते उठून बाहेर जायचं. 'कर तुझ्या मनासारखं' म्हटल्यावर आजवर कुणीही मनासारखं केलेलं नाही. येशाने तर कधीच नाही. पण या वेळी तो म्हणाला, "बरं. तू म्हणायलीस तर तसं."

शनिवारी त्याने सांगितलं की दवाखान्यात कळवून त्याने बावीस तारीख सोडून दिली.

"कुणाला इचारून?" मी ओरडले. खालच्या मजल्यावरच्यांनी खिडकी लावून घेतली, एवढी ओरडले.

"तूच म्हणालीस की गं, नको करू म्हून." मग तो हळूच म्हणाला, "आक्का, लई शांत बोलायलीस तू आता. आई बी शेवटच्या आठवड्यात अशीच बोलायची."

तेव्हा मला कळलं की दोष वयाचा नाही, नेटवर्कचा आहे.

मी सुखवार्ताच्या ग्राहक सेवेला फोन लावला. बावीस मिनिटं बोलले. ग्राहक मंचात खेचते म्हटलं, कंपनीला टाळं लावते म्हटलं, तुमच्या मालकाला रस्त्यावर उभा करते म्हटलं. पलीकडची मुलगी प्रत्येक वाक्यानंतर "खूप खूप धन्यवाद मॅडम" म्हणत होती. फोन ठेवल्यावर मेसेज आला. 'आपला अभिप्राय नोंदवला आहे. प्रकार: कौतुक.' मी पुन्हा फोन केला. दुसरा मेसेज आला की सलग दोनदा कौतुक केल्याबद्दल माझ्या नावाची शिफारस 'महिन्याचा ग्राहक' म्हणून केली आहे.

आमच्या शेजारच्या कानडेवहिनी अजून जुन्या कंपनीत आहेत. बुधवारी मी त्यांचा फोन मागून आणला आणि त्यावरून येशाला लावला. आता राग जाणार याची खात्री होती. पण तोंड उघडलं तर आत काही नाही. त्या विषयावरचा सगळा राग मी आठवडाभर रोज संध्याकाळी काढून पाठवून दिला होता, आणि एकदा काढलेला राग माणसाकडे राहत नाही. मी आत शोधलं. फक्त कंपनीवरचा सापडला. मग मी त्यावरच बोलले, खणखणीत बोलले. येशाने सगळं नीट ऐकलं आणि म्हणाला, "लई वंगाळ कंपनी हाय." ऑपरेशनचं नाव दोघांनीही काढलं नाही. तेवढ्याने नवा राग जमला, तो साडेसातला माझ्या फोनवरून काढला, तोही वाटेत गेला.

गुरुवारी सकाळी मी राजारामपुरीतल्या सुखवार्ताच्या कार्यालयात गेले. टोकन घेतलं. माझ्या आधी एक गृहस्थ होते, त्यांचा भाडेकरू घर सोडत नव्हता. ते रोज त्याला फोन करून 'निघ माझ्या घरातून' म्हणत होते आणि तो रोज 'नक्की काका, निघताना भेटून जाईन' म्हणत होता. त्यांना एक छापील कागद मिळाला आणि ते गेले. मग मी.

टेबलामागे कांचन मिठारी नावाच्या ग्राहक अधिकारी होत्या. तिशीतल्या, व्यवस्थित, टेबलावर पाण्याची बाटली आणि एक फुलांचा छोटा गुच्छ. समोरासमोर बोलायला नेटवर्क लागत नाही, त्यामुळे माझा राग त्यांच्यापर्यंत पूर्ण पोचला. त्यांनी पेन खाली ठेवून तो शेवटपर्यंत ऐकला.

"राग पॅकमध्ये नाही, मॅडम," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"मूळ पॅकमध्ये माया, काळजी, आनंद, चौकशी आणि कंटाळा येतो. दुःख दिवसाला वीस मिनिटं. राग वजनाला जास्त भरतो. त्याला वेगळे टॉवर लागतात. ते आम्ही उभारले नाहीत, म्हणून तर दर कमी ठेवता येतात."

"हे मला कुणी सांगितलं होतं?"

"अटींच्या सातव्या पानावर आहे. तुम्ही 'मान्य' दाबलंय."

दाबलं होतं. एकतीस वर्षं मी लोकांना पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायला लावली आणि स्वतःच्या वेळी सात पानं न वाचता 'मान्य' दाबलं. या गोष्टीचा मला अजूनही संताप येतो, आणि तो कंपनीवरच्या संतापाहून वेगळा आहे.

"मग काळजी तर पॅकमध्ये आहे ना," मी म्हटलं. "माझी काळजी का नाही पोचत? तो मरायला टेकलाय आणि त्याला वाटतंय मी गप्पा मारायला फोन करते."

त्यांनी संगणकात पाहिलं. "तुमची काळजी रागाच्या आत बांधलेली असते मॅडम. बाहेरचं पुडकं अडलं की आतलंही अडतं. ती तुम्ही सुटी पाठवून बघा."

"म्हणजे काय करू?"

"म्हणजे नुसतं म्हणायचं, मला तुझी काळजी वाटते."

बासष्ट वर्षांत आमच्या घरात हे वाक्य कुणी कुणाला म्हटलेलं नाही. आईने नाही, आजीने नाही. येशाला मी असं म्हटलं तर तो घाबरूनच जाईल. मी त्यांना तसं सांगितलं. त्यांनी नोंद घेतली.

रागाचा पॅक वेगळा मिळतो, पण पोर्ट होऊन नव्वद दिवस झाल्याशिवाय पॅक बदलता येत नाही. कंपनीही बदलता येत नाही. बावीस तारखेला आठ दिवस उरले होते. मी विचारलं, अडवलेला राग कुठे आहे. त्या म्हणाल्या, शिरोलीच्या गोदामात, तीस दिवस सांभाळतात आणि मग नियमाप्रमाणे विझवतात.

माझा राग विझवणारे हे कोण लागून गेले? मी हे त्यांना तोंडावर विचारलं. त्यांनी गोदामाचा पत्ता एका चिठ्ठीवर लिहून दिला. त्या संध्याकाळी मी येशाला फोन केला नाही. गोदामात आणखी भर कशाला घाला.

शुक्रवारी शिरोलीला गेले. एमआयडीसीच्या शेवटच्या गल्लीत पत्र्याची शेड, आत लोखंडी मांडण्या. गोदामपाल इंगवले म्हणून पन्नाशीचे गृहस्थ होते, सभ्य आणि थकलेले. मांडण्यांवर खाकी कागदात बांधलेली पुडकी तालुक्यांप्रमाणे लावली होती. प्रत्येकावर चिठ्ठी: कुणाकडून, कुणाला, तारीख, वजन. हाउसिंग सोसायट्यांच्या सेक्रेटरींच्या नावचा माल आत मावत नसल्यामुळे बाहेर ताडपत्रीखाली ठेवला होता. जावयांच्या नावचं एकही पुडकं दिसलं नाही, तेव्हा मी विचारलं. इंगवले म्हणाले, "तो राग फोनवर येतच न्हाई, बाई. त्यो घरातच मुरतो."

माझी नऊ पुडकी होती. येशाच्या नावची, मंगळवार ते पुढचा बुधवार, एकही दिवस चुकलेला नाही. मी एकावर हात ठेवला. कोमट लागलं. शनिवारचं सगळ्यांत मोठं होतं.

"द्या," मी म्हटलं.

"असं देता येत न्हाई. ज्याच्या नावावर राग आहे, त्याचा स्वीकारनामा लागतो. सहीनिशी. न्हाईतर उद्या कुणीबी उठून कुणावरबी राग घेऊन जाईल."

"तो बार्शीला आहे."

"फॉर्म पोस्टानं जातो. पंधरा कामाचे दिवस लागत्यात."

"पंधरा दिवसांत तो राहतो का नाही ते माहीत नाही."

इंगवलेंना वाईट वाटलं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. पण नियमापुढे माझा इलाज नाही, असं ते म्हणाले आणि रजिस्टर मिटू लागले. मी मान वळवली, ती रडू दिसू नये म्हणून. आणि मला त्यांचा वजनकाटा दिसला.

तो इलेक्ट्रॉनिक काटा होता, शंभर किलोचा, दाराशेजारी ठेवलेला. आलेलं प्रत्येक पुडकं त्यावर चढत होतं. मी खाली वाकून बाजूचं शिशाचं सील पाहिलं. मग चष्मा लावून पाहिलं. त्यावरची मुद्रा तीन वर्षांपूर्वीची होती.

"इंगवले," मी म्हटलं, "या काट्याची दर वर्षी पडताळणी करून मुद्रा मारून घ्यायची असते. तुम्ही तीन वर्षं घेतलेली नाही."

ते उठून आले. त्यांनीही वाकून पाहिलं.

"म्हणजे या काट्यावर केलेलं एकही वजन कायद्यात धरता येत नाही," मी म्हटलं. "एकही नाही. म्हणजे माझा राग जड आहे असं तुमची कंपनी कुठल्या आधारावर म्हणते? आणि जड नसेल तर अडवला कशासाठी?"

"तुम्ही कोण?"

मी सांगितलं.

"पण तुम्ही निवृत्त झालाय."

"मी निवृत्त झालेय. कायदा झालेला नाही. खात्यात माझ्या हाताखाली तयार झालेली चार माणसं आहेत. मी इथून सरळ तिकडे जाईन, आणि संध्याकाळच्या आत तुमच्या शेडला सील लागेल. मग ताडपत्रीखालचा मालसुद्धा हलवता येणार नाही तुम्हाला."

हे बोलताना माझा आवाज जराही चढला नव्हता. त्याची गरज नव्हती, आणि ती गरज नसल्याचं मला बरं वाटलं. इंगवलेंनी वरच्या साहेबांना फोन लावला. त्यांचाही फोन सुखवार्ताचाच असल्यामुळे साहेबांना प्रकरणाची तातडी कळायला वेळ लागला. शेवटी 'तात्पुरती सुपूर्दगी' या सदराखाली नऊ पुडकी मला द्यायचं ठरलं. स्वीकारनाम्याचा कोरा फॉर्म माझ्याच हातात दिला. अट एकच: येशाची सही होईपर्यंत एकाचीही दोरी सोडायची नाही. मी ती अट वाचली. मग कागदाच्या मागची बाजूही वाचली, आणि सही केली.

शनिवारी सकाळच्या एसटीने निघाले. पोत्यात नऊ पुडकी. सांगली सुटल्यावर कंडक्टर आला आणि पोत्याकडे बोट केलं.

"यात काय?"

"राग."

"कुणाचा?"

"माझाच."

"मग मांडीवर घ्या," तो म्हणाला. "दुसऱ्याचा असता तर सामानाचं तिकीट फाडावं लागलं असतं."

बार्शीपर्यंत पोतं मांडीवर होतं. मांडी भाजून निघाली, पण सोडलं नाही.

येशाचं दुकान दुपारी उघडं होतं, आणि रिकामं होतं. एरवी तिथे पाय ठेवायला जागा नसते. उलट्या टांगलेल्या सायकली, चाकं, मडगार्ड, ट्यूब बुडवून बघायची घमेली. आता भिंती दिसत होत्या. येशा स्टुलावर बसून पान्यांना जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळत होता. गालफडं बसलेली, दाढी वाढलेली. मला बघून उठला, पाया पडला, मटक्यातलं पाणी दिलं.

"हे काय चालवलंयस?" मी विचारलं.

"आवरायलोय. लोकांच्या सायकली होत्या त्या करून देऊन टाकल्या. नवीन काम घेत न्हाई आता. पान्याचा डबा समोरच्या मोमीनला द्यायचा. पंप शाळंत देतो, पोरास्नी होईल."

"का?"

तो पुन्हा बसला. हातातल्या पान्याकडे बघत बोलला. "तू म्हणालीस, नको करू ऑपरेशन. ते बी शांतपणे म्हणालीस. तवा मला कळलं. म्हटलं, डॉक्टरांनी आक्काला येगळं काय तरी सांगितलंय. आता काय उपयोग न्हाई म्हून सांगितलंय. न्हाईतर तू सोडली असतीस व्हय मला? आईचं बी तसंच झालं. पैलं आपुन तिला पथ्यावरून किती बोलायचो. मग एक दिवस डॉक्टर म्हणाले, आता खाऊ दे काय खायचं ते. आणि आपुन बोलायचं बंद केलं."

मी पोत्याच्या तोंडाची गाठ सोडायला लागले.

"नऊ दिवस कुणी रागावलं न्हाई मला," येशा म्हणाला. "गोळ्या बी न्हाई घेतल्या. म्हटलं, आता कशाला."

"मी रोज रागावले रे," मी म्हटलं. "एक दिवस चुकला न्हाई. त्यांनी वाटेत काढून घेतला." आणि मी पोतं उघडून नऊ पुडकी त्याच्यापुढे ओळीने मांडली. चिठ्ठ्या त्याच्याकडे केल्या. त्याने एकेक चिठ्ठी वाचली. स्वतःचं नाव नऊ वेळा वाचलं. शनिवारचं पुडकं उचलून हातात तोललं.

"हे एवढं?"

"त्या दिवशी तू तारीख सोडलीस."

त्याने ते फार जपून खाली ठेवलं.

मग मी स्वीकारनामा काढून दिला. त्याने हात पुसले, चष्मा लावला आणि भरायला बसला. नाव लिहिलं. पत्ता लिहिला. राग पाठवणाऱ्याशी नातं या रकान्यात 'थोरली बहीण' लिहिलं. शेवटचा रकाना होता, 'राग स्वीकारण्याचे कारण'. तिथे तो अडला. पेन्सिल कानामागे खोचली, पुन्हा काढली.

"हितं काय लिहू?"

"लिही काय तरी. त्यांना नुसता रकाना भरलेला लागतो."

त्याने बराच वेळ विचार केला आणि लिहिलं, 'पाहिजे म्हणून.' खाली सही केली, तारीख घातली.

मी मंगळवारच्या पुडक्याची दोरी सोडली. राग माझ्याकडे परत आला तो सरळ कानशिलात. "मेल्या, तुला अक्कल हाय का न्हाई?" मी म्हटलं. या वेळी त्याने उत्तर दिलं नाही. त्याने मान खाली घातली आणि छऱ्यांची डबी उगाच इकडून तिकडे सरकवली, तो सात वर्षांचा असल्यापासून सरकवतो तशी. मला इतकं बरं वाटलं की मी न थांबता बुधवारचं सोडलं. गुरुवारच्या पुडक्यात 'कर तुझ्या मनासारखं' होतं. ते मी जसंच्या तसं म्हटलं आणि येशाचा चेहरा पांढरा पडला. समोरचा मोमीन टेलर बघायला दारात आला होता, तो आत गेला आणि त्याने मशीन चालू केलं.

शनिवारच्या पुडक्याला पाऊण तास लागला. त्याच्या अर्ध्यात येशा उठला, गल्ल्यातली गोळ्यांची पट्टी काढली आणि एक गोळी पाण्याशिवाय गिळली. मी त्याबद्दलही बोलले, पाण्याशिवाय कशाला गिळतोस म्हणून. त्याने वरून पाणी प्यायलं. त्याचे डोळे भरले होते, माझेही, पण राग असताना आमच्यात कुणी तिकडे लक्ष देत नाही. सातवं पुडकं संपलं तेव्हा त्याने स्वतःहून फोन उचलला आणि सोलापूरला लावला. बावीस तारीख दुसऱ्याला गेली होती. त्यांनी पंचवीस दिली. त्याने ती दोनदा विचारून घेतली आणि भिंतीवर खडूने लिहिली.

माझा घसा बसला होता, तरी मी आठवं घेतलं. दोरीला हात घालणार तोच येशाने ते माझ्या हातातून काढून घेतलं. नववंही उचललं.

"हे दोन राहू दे," तो म्हणाला.

"का रे? तुझेच हायत."

"म्हूनच. ऑपरेशन झाल्यावर लागत्याल. घरी आल्यावर मी कुणाचं ऐकणार न्हाई, तुला म्हाइताय."

त्याने दोन्ही पुडकी वरच्या फळीवर, उन्हापासून लांब, शेजारी शेजारी ठेवली. मग कानामागची पेन्सिल काढून दोन्हींवर तारखा घातल्या. एकावर जुलैची घातली. दुसऱ्यावर बराच विचार करून पुढच्या वर्षीची.